डोक्यापाशी उभी असलेली बाई

तिला घरी सगळे टिटवी म्हणत. लहानपणी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडायचं. "हिला वकील करा," तिचे बाबा म्हणत. "समोरचा माणूस वैतागून खटला मागे घेईल."

ती खरंच वकिलीच्या कॉलेजात गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी कुठेतरी उमेदवारी करायची, असा तिथला नियम होता. बरोबरीची मुलं मोठ्या कचेऱ्यांत गेली. तिथे थंडगार खोल्या होत्या आणि कॉफीचं यंत्र होतं. टिटवीने अर्जावर वकीलबाईंचं नाव लिहिलं. वकीलबाई एकाच तऱ्हेचे खटले चालवत. मूल हवं की नको हे बाईने ठरवायचं, पण ते भलतंच कोणी ठरवून मोकळं झालेलं असे, तसले खटले.

"बायकांच्या पोटाबद्दल कोर्टात बोलणार तू?" आत्या म्हणाली. सुट्टीभर टिटवी आत्याकडे राहणार होती. "घरात बोलतेस ते पुरत नाही का?"

"घरात कोणी बोलत नाही, म्हणून तर कोर्टात बोलावं लागतं."

"उचलली जीभ, लावली टाळ्याला," आत्या म्हणाली, आणि तिचा डबा भरायला घेतला.

वकीलबाईंची कचेरी चष्म्याच्या दुकानाच्या वर होती. दुकानाच्या काचेमागे चष्मे ओळीने मांडलेले. डोळे नसलेले, तरी रस्त्याकडे बघणारे. जिना अरुंद होता. वर दोन खोल्या. एकीत वकीलबाई बसत आणि दुसरीत फायली. फायलींच्याच खोलीत एक टेबल, एक संगणक आणि टिटवी.

खटला एका रुग्णालयावर होता. काही बायकांनी मिळून लावलेला. त्या तिथे बाळंत झाल्या होत्या. कोणी एका वर्षी, कोणी दुसऱ्या. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं गेलं, पोट आतून साफ करायचंय, चला. आत नेलं, सुई दिली. पुढे कधीतरी, पुन्हा दिवस राहात नाहीत म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यावर त्यांना कळलं. नळ्या कापून बांधलेल्या होत्या. रुग्णालय म्हणत होतं, सगळ्यांना विचारलं होतं. बायका म्हणत होत्या, कोणी विचारलं नाही. एवढाच वाद होता.

टिटवीचं काम ॲफिडेव्हिट तयार करायचं. म्हणजे बाईने शपथेवर सांगितलेली हकीकत नीट लिहून काढायची. वकीलबाईंचा त्यात एक नियम होता. लिहून झालं की ते बाईला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवायचं. आणि वाचताना 'ती' म्हणायचं नाही. कागदावर 'मी' असतं, तर तोंडातही 'मी'च.

"मला अवघडल्यासारखं होतं, बाई," टिटवी पहिल्या आठवड्यात म्हणाली. "मी कुठे बाळंत झालेय?"

"अवघडू दे," वकीलबाई म्हणाल्या. "तू अवघडलीस की बाई ऐकते. तू सराईतपणे वाचलंस की ती मान डोलावून सही करून मोकळी होते. मग कोर्टात उभी राहिली की म्हणते, हे मी बोललेच नव्हते."

टिटवी वाचत गेली. मी बाळंत झाले. मला आत नेलं. मला कोणी विचारलं नाही. एका रविवारी दुपारी ती जेवून पडली असताना आत्याने तिला हलवून जागं केलं.

"काय गं, झोपेत कोणाशी बोलतेस?"

"काय बोलत होते?"

"मला विचारलं नाही, मला विचारलं नाही. सारखं तेच. तुला काय विचारायचं राहिलं बाई? चहा? ठेवलाय."

आत्या हसली. टिटवीही हसली. पण आत्या आत गेल्यावर तिने सहज पोटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला.

त्याच आठवड्यात काजवाली आली. कपड्यांच्या कारखान्यात ती काजं करायची. दिवसभर शर्टांना भोकं पाडायची आणि त्यांच्या कडा दोऱ्याने बांधायची. बारीक अंगाची, पस्तिशीच्या आसपासची. बोलताना तिची बोटं समोरच्या कापडाची कड शोधत. टेबलावरचं कापड, स्वतःची ओढणी, एकदा तर टिटवीची बाही.

"बसा ताई," टिटवी म्हणाली.

"बसते ताई," काजवाली म्हणाली. मग थांबली. "तू मला ताई म्हणणार, मी तुला ताई म्हणणार. मग मोठी कोण?"

"तुम्हीच."

"मग मोठीचं ऐक. आधी पंखा लाव."

तिला एक मुलगा होता. त्याच्या वेळच्या बाळंतपणातच हे झालं. नवऱ्याला मुलगी हवी होती. तो टेम्पो चालवायचा. कळलं त्या दिवशी त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तूच गुपचूप करून घेतलंस," म्हणाला. "कामाला मोकळं राहायला." मग मोठ्या भावाकडे राहायला गेला. मुलाला शाळेत सोडायला यायचा, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नाही.

"मला भरपाई देतील न देतील," काजवाली म्हणाली. "कोर्टाने एवढं म्हणावं. हिला विचारलं नव्हतं. छापील म्हणावं. मग तो कागद मी त्याच्या हातात देईन. बाकी काही बोलणार नाही."

टिटवीने सगळं लिहून घेतलं. मग ॲफिडेव्हिट करायला बसली.

वकिलाच्या कचेरीत कोरं पान कोणी घेत नाही. आधीच्या बाईचं उघडायचं, त्याला नवं नाव द्यायचं, एकेक तपशील बदलत खाली यायचं. सगळे असंच करतात. टिटवीनेही तेच केलं. तिने उघडलं ते दाव्यातल्या पहिल्या बाईचं. ती बाई हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने वारली होती. तिचं ॲफिडेव्हिट आधीच कोर्टात दाखल झालेलं होतं, आणि त्याची प्रत समोरच्या वकिलाकडेही होती. टिटवी तिला कधी भेटली नव्हती. तिची वाक्यं चांगली होती म्हणून ते घेतलं.

दोन दिवसांनी काजवाली ऐकायला आली. दुपारची वेळ. खाली दुकानात कोणीतरी अक्षरं वाचत होतं, मोठी, मग लहान, मग चाचरत. टिटवी वाचू लागली. मी अमुक ठिकाणी काम करते. मला एक मुलगा आहे. मला सांगण्यात आलं की पोट साफ करायचं आहे. काजवाली मान हलवत होती.

"मी पूर्ण बेशुद्ध नव्हते," टिटवीने वाचलं. "टेबल डोक्याच्या बाजूने खाली कललेलं होतं. माझ्या डोक्यापाशी एक बाई उभी होती. तिने तिचा ओला हात माझ्या कपाळावर ठेवला. तिच्या पायांत काही नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती."

तिचा आवाज पुढच्या वाक्यावर गेला आणि मन मागे राहिलं. हे काजवालीने सांगितलं नव्हतं. हे त्या वारलेल्या बाईचं होतं. हा परिच्छेद तिने खोडला होता. खोडल्याचं तिला पक्कं आठवत होतं. माफ करा, चुकून आलं, असं म्हणायला तिने मान वर केली.

काजवालीची बोटं थांबली होती.

"हो," ती म्हणाली. "अनवाणी होती."

टिटवीने कागद खाली ठेवला.

"तुला कोणी सांगितलं? मी कोणालाच सांगितलं नाही. लोक म्हणतील, भुताटकी बघते." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. "ओलाच होता हात. थंडगार."

टिटवीने खरं ते सांगितलं. हे तुमचं नाही. दुसऱ्या बाईचं आहे. ती आता नाही. माझ्या हातून राहून गेलं, खोडते.

"खोडू नको," काजवाली म्हणाली.

"ताई, पण..."

"खोडलंस तर मी सही करणार नाही. त्या खोलीत पाच-सहा माणसं असतील. सगळी माझ्या पोटाकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे तेवढ्या एकीने बघितलं. तीच काढून टाकतेस?"

ती उठली. जिन्यावर तिची पावलं वाजली. मग खाली रस्त्याच्या आवाजात मिसळून गेली. टिटवीच्या हातातून पेन पडलं. ते उचलायला ती वाकली, आणि पलीकडच्या खोलीतल्या टेबलाखाली तिला दोन पाय दिसले. उघडे. फरशीवर टेकलेले.

ती किंचाळली.

"अगं!" वकीलबाई दचकून उठल्या. "माझे पाय आहेत! चपला काढून बसते मी, टाचा दुखतात. काय झालं तुला?"

टिटवीने काय झालं ते सांगितलं. वकीलबाई ऐकत ऐकत पुन्हा खाली बसल्या. मग त्यांनी दोन्ही ॲफिडेव्हिटं शेजारी ठेवली आणि बोट फिरवत वाचली.

"शब्दाला शब्द," त्या म्हणाल्या. "मऊसाहेब हे वाचतील. मग मऊसाहेब हसतील."

मऊसाहेब म्हणजे रुग्णालयाचे वकील. कोर्टात सगळे त्यांना पाठीमागे याच नावाने ओळखत. आवाज चढवत नसत. गळा कापताना समोरच्याला मालिश केल्यासारखं वाटे.

"ते म्हणतील, बघा, या बायकांच्या आठवणी वकिलाच्या संगणकात तयार होतात. आणि एक पान खोटं ठरलं की बाकीच्या सगळ्या जणीही गेल्या. तिच्या डोक्यात हे तूच भरलंस, टिटवे. तुझा हेतू नव्हता. पण भरलंस."

"ती म्हणते, तिला आठवतंय."

"वाचून दाखवलं की माणसाला आठवतं. मला माझं बारसंही आठवतं. आई सांगायची ना." त्यांनी डोळे चोळले. "करायला गेलो एक आणि झालं भलतंच. तो परिच्छेद काढ. तिची समजूत घाल."

टिटवी समजूत घालायला कारखान्यावर गेली. लांबलचक खोली, यंत्रांची ओळ, वरून लोंबणारे दिवे. काजवाली मान खाली घालून शर्ट सरकवत होती. यंत्र खट करून भोक पाडायचं, कडा बांधायचं. टिटवी तिच्या कानाशी ओरडून बोलली, कारण तिथे सगळेच ओरडून बोलत. सगळं सांगितलं. मऊसाहेब, दुसऱ्या बायका, धोका.

"माझ्यामुळे बाकीच्या जातील?" काजवालीने यंत्र न थांबवता विचारलं.

"जाऊ शकतात."

"आणि काढून टाकलं तर मी खोटी ठरते. ते कोणाला कळणार नाही. मला कळेल." तिने दोरा तोडला. "घरी एक जण मला खोटी म्हणतोय, तेवढं बास आहे."

शेजारची बाई ऐकत होती. ती टिटवीला म्हणाली, "हिला वळवायला आलीस? हिची सासू थकली, हिचा नवरा थकला. तू तर कोवळी आहेस."

टिटवी हात हलवत परत आली. शेवटी वकीलबाईंनीच मधला रस्ता काढला. कागदच नको. काजवालीने कोर्टात उभं राहायचं आणि जे आठवतं ते तोंडाने सांगायचं. विचारलं तर डोक्यापाशी कोण होतं तेही सांगायचं. न विचारलं तर नाही.

"आणि तू," वकीलबाई टिटवीला म्हणाल्या, "माझ्या मागे बसायचं. तोंडाला कुलूप."

कोर्टाची खोली साधी होती. पिवळट भिंती, उंच खिडक्या, कोपऱ्यात टंकलेखनिक. साक्ष द्यायला लाकडी कठडा. काजवाली त्यात उभी राहिली आणि बोटांनी कठड्याची कड चाचपू लागली. तिने सगळं नीट सांगितलं. शेवटच्या बाकावर तिचा नवरा बसला होता. तो तिच्यासाठी आला नव्हता. रुग्णालयाने त्याला साक्षीला बोलावलं होतं. बायकोने स्वतःच्या मनाने करून घेतलं, एवढं त्याने शपथेवर म्हणायचं होतं.

मऊसाहेब उठले. चष्मा पुसला.

"बाई, तुम्हाला भूल दिली होती. मग तुम्हाला कसं कळलं कोणी विचारलं की नाही?"

"सगळी गेली नव्हती शुद्ध."

"छान. मग कोण कोण होतं तिथे? सांगा ना. डोक्यापाशी वगैरे?"

वकीलबाईंनी मान वळवली नाही. पण त्यांचा कान लाल झाला. मऊसाहेबांना वास आला होता, किंवा त्या वारलेल्या बाईचं ॲफिडेव्हिट त्यांनी प्रत्येक साक्षीदाराला असंच हळूच दाखवायचं ठरवलं होतं.

"एक बाई होती," काजवाली म्हणाली. "अनवाणी. तिने ओला हात माझ्या कपाळावर ठेवला."

मऊसाहेबांनी खालचा कागद उचलला आणि न्यायाधीशांना वाचून दाखवला. वारलेल्या बाईची वाक्यं त्या खोलीत तिसऱ्याच आवाजात ऐकू आली.

"हे तुम्हाला कोणी वाचून दाखवलं होतं का, बाई?"

"हो."

"कोणी?"

काजवालीने बोट दाखवलं. "त्या ताईने."

खोलीतली सगळी डोकी वळली. टिटवीची पाचावर धारण बसली. वकीलबाईंच्या खुर्चीची पाठ तिने दोन्ही हातांनी धरली.

"तिच्याकडून चुकून आलं," काजवाली सांगत होती. "ते मेलेल्या बाईचं होतं. तिने मला लगेच सांगितलं. काढते म्हणाली. मीच नाही म्हटलं. दोघींनी एकच पाहिलं, तर एकीने काय डोळे मिटायचे?"

कोणीतरी हसलं. मऊसाहेबही हसले, अगदी मायेने. "माझे प्रश्न संपले," ते म्हणाले आणि बसले.

बाहेर आल्यावर वकीलबाई बराच वेळ पाणी पीत राहिल्या. "गेलं," त्या म्हणाल्या. टिटवीला त्या रागावल्या नाहीत. त्यामुळे तिला जास्त रडू आलं.

पुढची तारीख टिटवीच्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात पडली. त्या दिवशी रुग्णालयाची माणसं साक्ष देणार होती. आधी मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची मुख्य, मग नवरा. मेट्रन निवृत्त झालेली. जाडजूड, स्वच्छ, हातावर घड्याळ आतल्या बाजूने बांधलेलं. तिने सरळ ताठ उभं राहून शपथ घेतली. सगळ्यांची संमती घेतली जाते, ती म्हणाली. नियम आहे. ती प्रत्येक वाक्य नियमाने संपवायची.

मऊसाहेबांचं काम एवढ्यावर झालं होतं. पण हातात आलेली मजा त्यांना सोडवेना. अनवाणी बाई त्यांना जन्मभर पुरणार होती.

"मेट्रन, तुम्ही तिथे एवढी वर्षं काढलीत. ऑपरेशनच्या खोलीत कोणी अनवाणी उभं असू शकतं का?"

"शक्यच नाही," मेट्रन म्हणाली. "डॉक्टर, सिस्टर, झाडणारी, सगळ्यांना आतल्या वेगळ्या चपला असतात. नियम आहे. अनवाणी फक्त पेशंट असते."

मऊसाहेब बसायला निघाले होते. ते अर्ध्यावर थांबले. टंकलेखनिकाची बोटं चालत होती, ती थांबली. तेवढ्यात पंख्याचा आवाज फार मोठा झाला.

वकीलबाई उठल्या. उत्तर माहीत नसेल तो प्रश्न त्या कधी विचारत नसत. या वेळी त्यांना उत्तर माहीत नव्हतं.

"पेशंट तर टेबलावर असते," त्या म्हणाल्या. "मग उभी असलेली पेशंट कोण?"

मेट्रनने न्यायाधीशांकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"आधीची," ती म्हणाली.

"समजावून सांगा."

"टेबलं दोन. जवळजवळ. एकीवर काम चालू असताना दुसरीला चढवून सुई द्यायची. पहिलीचं झालं की तिला उतरवून चालवत बाहेर न्यायचं. स्ट्रेचर पुरत नाहीत. उतरताना तोल जातो. हाताला लागेल ते धरतात."

"शेजारच्या टेबलावरच्या बाईचं कपाळसुद्धा?"

"...हो."

"हात ओला का असेल?"

"सुई टोचायच्या आधी स्पिरिटने पुसतो. घाम असतो. रडतातही."

"म्हणजे एक उतरायच्या आत पुढची टेबलावर. मग कोणालाही विचारायला तुम्हाला वेळ कधी मिळत होता?"

"विचारायचं बाहेर असतं," मेट्रन म्हणाली. तिच्या वाक्याला शेवटी नियम आला नाही.

"बाहेर कोण विचारायचं? नाव सांगा. किंवा पद सांगा."

मेट्रनने मनगटावरचं घड्याळ चाचपलं. वकीलबाईंनी तिला घाई केली नाही. टिटवी म्हातारी होईपर्यंत वाट बघितली असती, अशा बेताने त्या उभ्या होत्या.

"असं ठरलेलं माणूस नव्हतं," मेट्रन म्हणाली.

टंकलेखनिकाने ते लिहून घेतलं. टिटवीला वाटलं, सुटलो. मग दुसरं काहीतरी वाटलं आणि पहिलं विरून गेलं. वारलेल्या बाईने पाहिलेली बाई आणि काजवालीने पाहिलेली बाई वेगवेगळ्या होत्या. दिवस वेगळे, वर्षं वेगळी. प्रत्येक वेळी कोणीतरी एक डोक्यापाशी उभी. आणि ती स्वतः टेबलावर होती तेव्हा तिच्याही डोक्यापाशी कोणी उभी असणार. ती रांग मागे मागे किती लांब जात होती, हे तिला दिसेना.

नवऱ्याला पुकारलं. तो कठड्यात आला. मऊसाहेबांचा आवाज आज पहिल्यांदा कोरडा होता.

"तुमच्या बायकोने स्वतःच्या इच्छेने ऑपरेशन करून घेतलं. बरोबर?"

तो बायकोकडे बघत नव्हता. मेट्रन जिथे जाऊन बसली होती त्या बाकाकडे बघत होता.

"मी बाहेर होतो," तो शेवटी म्हणाला. "दाराशी बाकावर. दार खालून तुटलेलं होतं, फट होती. पाय दिसायचे."

"प्रश्नाचं उत्तर द्या."

"तेच देतोय, साहेब. अनवाणी पाय. एक जोडी बाहेर यायची, एक आत जायची. बाहेर येणारे लडखडायचे. मी म्हटलं, बाळंतिणी असतील, तपासायला नेतात. हिचे पायही मी ओळखले. आत जाताना नीट गेले." त्याने घसा खाकरला. "थांबले नाहीत कुठे. कोणी थांबवून काही विचारलं असतं तर पाय थांबले असते ना?"

मऊसाहेबांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला.

निकाल त्या दिवशी लागणार नव्हताच. पण न्यायाधीशांनी टंकलेखनिकाला मोठ्याने सांगून एक ओळ लिहायला लावली. या साक्षीदार बाईची संमती कोणी घेतली, हे प्रतिवादी पक्षाला दाखवता आलेलं नाही. वकीलबाईंनी टेबलाखालून टिटवीचा हात दाबला.

कोर्टाच्या व्हरांड्यात माणसं पांगली. नवरा खांबाशी उभा होता. काजवाली बाहेर आली तसा तो पुढे झाला.

"कागदाची गरज नाही," तो म्हणाला. "मी ऐकलंय सगळं. चूक झाली माझी. चल घरी."

काजवाली त्याच्याकडे बघत राहिली. या क्षणासाठी ती उन्हाळाभर कारखान्यातून रजा काढत होती. टिटवीला वाटलं, आता ती रडेल. किंवा त्याच्या तोंडात मारेल. दोन्ही रास्त होतं.

"तू हो पुढे," काजवाली म्हणाली. "मला एक विचारायचंय."

"कोणाला?"

तिने हनुवटीने दाखवलं. व्हरांड्याच्या टोकाला मेट्रन एकटीच बसली होती. रुग्णालयाची माणसं तिला न घेताच निघून गेली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. काजवाली तिच्या समोर जाऊन उभी राहिली. टिटवी मागोमाग गेली. काय होईल याची भीती वाटली म्हणून गेली.

"मला काही बोलू नका," मेट्रन म्हणाली. "मी सांगितलं ते नोकरीत असते तर सांगता आलं नसतं."

"भांडायला नाही आले," काजवाली म्हणाली. "माझ्या आधीची होती. मग माझ्या नंतरचीही असणार. मी उतरले तेव्हा शेजारच्या टेबलावर कोण होतं?"

"कसं आठवणार? किती जणी असायच्या."

काजवालीने तिला दिवस सांगितला. पाऊस नव्हता, ती म्हणाली, पण खिडकीबाहेर कोणीतरी सारखं पाणी ओतत होतं. दुपारचे जेवायला गेले होते तुमच्यातले काही. मुलगा झाला होता मला, डोक्यावर खूप जावळ होतं, तुम्ही हसला होतात.

मेट्रनने डोळे मिटले.

काजवाली तिच्या शेजारी बाकावर बसली. "आठवा," ती म्हणाली. "मी बसते इथे."

नवरा खांबापाशीच होता. तो पुढेही आला नाही, गेलाही नाही. टिटवीला संध्याकाळच्या गाडीने घरी जायचं होतं, आत्याकडे बॅग भरून ठेवली होती. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. व्हरांडा रिकामा झाला. शिपाई एकेक दार ओढून घेत त्यांच्याकडे येऊ लागला.

"एक होती," मेट्रन म्हणाली. तिने डोळे उघडले नव्हते. "फार लहान होती. या मुलीपेक्षाही लहान. तिच्याबरोबर कोणी आलं नव्हतं." तिची बोटं पर्सच्या कडेवर घट्ट झाली. "उतरणाऱ्या बाईचा तोल गेला, तिने हिच्या कपाळावर हात टेकला. तर हिने तो धरला. सोडेचना. आम्हाला एकेक बोट सोडवावं लागलं."